एकसष्टावा घास

मुकादम ऑफिसात नऊ वाजून तेरा मिनिटांनी येतात. नऊला नाही, सव्वानऊला नाही. जेवायला बारा एक्कावन्नला उठतात आणि घरी जायला पाच चौतीसला. नवीन माणसाला वाटतं, यांना कुणीतरी शपथ घातली आहे. मलाही पहिल्या आठवड्यात तसंच वाटलं होतं. मग एकदा त्यांनीच सांगितलं, की बरोबर तासाच्या ठोक्याला कुठलंही काम लावू नये, कारण तासाच्या ठोक्याला सगळ्या जगाला आपापली कामं आठवतात. लिफ्टपुढे रांग, जेवणाच्या खिडकीपुढे रांग, सर्व्हरच्या दारातही रांग. जरा सरकून बसावं, वाट मोकळी मिळते.

मुकादम हे त्यांचं नाव नव्हे, आम्ही ठेवलेलं. त्यांच्या हाताखाली माणूस एकही नाही. मजूर आहेत ते छोटे छोटे प्रोग्राम, कुणाच्या नकळत मागच्या अंगाला राबणारे. जुन्या फाइली आवरायच्या, प्रती काढायच्या, बंद खाती पुसायची. त्यांनी कधी उठायचं, किती उचलायचं आणि कधी दम खायचा, ते मुकादम ठरवतात. वय अठ्ठेचाळीस, पोट थोडं पुढे आणि पायाला भिंगरी. खुर्चीत बसले तर डावा पाय हलत राहतो. आमची टेबलं जोडलेली, त्यामुळे माझ्या चहावर दिवसभर बारीक लाटा उठत असतात. उठले तर खिडकीपासून पाण्याच्या यंत्रापर्यंत बावीस पावलं जाणार, बावीस परत येणार. वहिनी म्हणतात, घरीसुद्धा हे ताट हातात घेऊन फिरतात, मी कुणाला वाढलंय तेच कळत नाही.

आमची कंपनी लोकांच्या वह्या सांभाळते. माणसं फोनवर नाहीतर कॉम्प्युटरवर काहीबाही लिहून ठेवतात, याद्या करतात, फोटो चिकटवतात, आणि ते सगळं आमच्या सर्व्हरांवर राहतं. एखाद्या खात्यात काही संशयास्पद दिसलं, की यंत्र ते निलंबित करतं. मालकाला तीन पत्रं जातात. नव्वद दिवसांत उत्तर आलं नाही, की खातं पुसायच्या यादीत पडतं. या वेळी ती यादी चार लाखांवर गेली आणि वरच्या साहेबांनी ती रिकामी करायला सांगितली. लगेच. हे साहेब कुठलंही वाक्य त्या शब्दाशिवाय पुरं करत नाहीत, म्हणून त्यांचं नाव लगेचसाहेब.

आता चार लाख खाती पुसणं म्हणजे पाटीवरून ओला बोळा फिरवणं नव्हे. एकेका खात्यामागे शेकडो पानं, पानांमागे फोटो, फोटोंच्या प्रती, आणि ज्यांना ज्यांना ती दाखवली असतील त्यांच्याकडच्या नोंदी. सगळं एका दमात पुसायला सांगितलं तर सर्व्हर धापा टाकतात, आणि ज्यांची खाती धडधाकट आहेत ते बिचारे स्वतःची वही उघडायला ताटकळत बसतात. मुकादमांचं म्हणणं असं, की घास भूक बघून घेऊ नये, घसा बघून घ्यावा.

त्यांनी आखणी केली ती अशी. खात्याच्या नंबरातला शेवटचा आकडा बघून दहा ढीग पाडायचे. दिवसाला एक ढीग, म्हणजे दहा कामाचे दिवस. वेळ दुपारची, कारण आमचे लोक सकाळी याद्या करतात, रात्री मन मोकळं करतात आणि दुपारी झोपतात. एक सदतीसला सुरुवात, चार त्रेचाळीसला बंद; उरलेलं दुसऱ्या दिवशी. पाचशे खाती म्हणजे एक घास, सव्वादोन मिनिटांनी दुसरा. प्रत्येक घासाआधी सर्व्हरची नाडी बघायची आणि ती जोरात चालत असेल तर शांत होईपर्यंत हात आखडायचा. शिवाय प्रत्येक खातं पुसायच्या ऐन आधी पुन्हा विचारायचं, की बाबा, तू अजून निलंबितच आहेस ना? मधल्या काळात मालकाचा अर्ज आला असेल तर त्याला वगळून पुढे जायचं. ही शेवटची अट लगेचसाहेबांना फार खुपली. नव्वद दिवस दिले होते की, म्हणाले. मुकादम म्हणाले, एकदा विचारायला सेकंदसुद्धा लागत नाही साहेब, आणि न विचारल्याचं वर्षानुवर्षं पुरतं.

पहिल्या सोमवारी शून्याचा ढीग निघाला, मंगळवारी एकाचा. कुठे काही खट्ट झालं नाही. शुक्रवारी मात्र माझा चहा बशीत सांडला. खाली वाकून बघितलं तर मुकादमांचे दोन्ही पाय हलत होते.

काय झालं, असं तीनदा विचारल्यावर म्हणाले, "सातच्या ढिगात ताई आहे."

ताई म्हणजे त्यांची मोठी बहीण. आठ वर्षांनी मोठी, शिवणकामाचं दुकान चालवते. गिऱ्हाइकांची मापं ती बावीस वर्षं लिहीत आली आहे, आधी वह्यांत आणि मग आमच्याकडे. वह्यांमधली सगळी मापं मुकादमांनीच एका सुट्टीत बसून आमच्या खात्यात चढवली होती आणि वह्या रद्दीत दिल्या होत्या. एकोणीसशे माणसांची मापं. दुकानात पाच बायका शिवायला असतात आणि त्या पाचही जणी आपापल्या फोनवरून तेच खातं एकाच पासवर्डने उघडायच्या. यंत्राला वाटलं खातं चोरीला गेलं. तीन पत्रं गेली ती अशा ईमेलवर, जो ताई कधी उघडत नाही, कारण तिथे नुसत्या जाहिराती येतात. आणि सात नंबरचा ढीग म्हणजे पुढचा बुधवार. जुनी खाती आधी, या हिशेबाने ताईचा नंबर एकसष्टाव्या घासात. मुकादमांनी वेळही काढून ठेवली होती. तीन बावन्न.

मी म्हटलं, तुमच्या हातात आहे की सगळं. एक ओळ काढून टाका.

त्यांनी खण उघडला आणि छापलेला एक कागद माझ्यापुढे ठेवला. पाच वर्षांपूर्वी कुणा बड्या माणसासाठी त्यांनी अशीच एक ओळ हाताने काढली होती. ओळ काढताना तिचा एकच कप्पा निघाला, त्यामुळे खालचे सगळे कप्पे एकेक घर वर सरकले, आणि एकाचा शेरा दुसऱ्याच्या नंबरासमोर आला. अकरा चांगली खाती पुसली जाईपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. दहा परत मिळाली. अकरावं एका बाईंचं होतं, त्या रोज सकाळी खिडकीतून दिसणारं आभाळ दोन ओळींत लिहून ठेवायच्या. कागदावर त्यांचं पत्र होतं, एका वाक्याचं: माझ्या नऊ वर्षांच्या सकाळी कुठे ठेवल्यात, तेवढं कळवा.

तेव्हापासून मुकादमांनी नियम केला. यादीला हात लावायचा नाही, आणि दिवस चालू असताना घासाचा आकार बदलायचा नाही. लोकांना आपला तो बाब्या असतो. मुकादमांनी स्वतःच्या बाब्यालाही दारात उभं केलं होतं.

मार्ग एकच उरत होता, ताईने अर्ज भरायचा. आणि ताई अर्ज भरायला तयार नव्हती. गेले दोन महिने मुकादम तिला समजावत होते आणि ती दर वेळी चहा पाजून त्यांना परत पाठवत होती. मंगळवारी संध्याकाळी ते मला सोबत घेऊन गेले, परक्या माणसासमोर तरी ती ऐकेल म्हणून.

दुकान म्हणजे तळमजल्यावरची लांबट खोली. भिंतीला पाच मशीनं, मधे कापायचं मोठं टेबल, कोपऱ्यात उभा आरसा. ताई टेबलावर वाकून कापडावर खडूने रेघ ओढत होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, "ये बारक्या. आणि हा कोण? साक्षीदार आणलास?"

मुकादमांनी बोलायला सुरुवात केली ती दाराशी. मग ते आरशापाशी गेले, तिथून इस्त्रीपाशी, पुन्हा दाराशी. ताईंनी एका जागी उभं राहून सांगायला सांगितलं, त्यांना मान फिरवायला जमत नव्हतं. मुकादम म्हणाले, उद्या दुपारी जाईल गं सगळं. अर्ज सोपा आहे. चेहऱ्याचा फोटो, हातात आजची तारीख लिहिलेला कागद, आणि खातं कोण कोण वापरतं ते खरं लिहायचं.

"म्हणजे मी मीच आहे हे कुणाला पटवायचं? तुला?"

"मला नाही ताई, ऑफिसला."

"ऑफिसात तू आहेस ना?"

"आहे."

"मग माझी ओळख करून दे ऑफिसशी."

पाचही मशीनं थांबली होती आणि बायका तोंडाला कापड लावून हसत होत्या. ताईंनी खडू खाली ठेवला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. या पोराला बोट धरून शाळेत त्यांनी नेलं, त्याच्या पहिल्या मुलाखतीचा शर्ट त्यांनी शिवला, आणि आता हा त्यांच्याकडे फोटो मागतो. त्याने एक बोट फिरवलं की खातं उघडतं, हे त्यांना ठाऊक होतं. उघडतं की नाही, त्यांनी विचारलं. मुकादमांना खोटं बोलता येत नाही. उघडतं, म्हणाले. आणि मग त्या आभाळवाल्या बाईंची गोष्ट त्यांनी ताईला सांगितली. मला वाटतं पहिल्यांदाच.

ताई ऐकत होत्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "म्हणजे त्या बाईंचं गेलं, म्हणून माझंही जाऊ दे?"

आम्ही चहा घेतला आणि निघालो. दारापाशी शिवणाऱ्या बायकांपैकी एकीने मला खुंटीवरचा कोट दाखवला. एक बाही दुसरीपेक्षा दोन बोटं आखूड होती. खातं बंद झाल्यापासून ताई आठवणीवर कापतात, ती हळू आवाजात म्हणाली. बावीस वर्षांत पहिला कोट परत आला. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत, आणि कोट खुंटीवरून काढूही देत नाहीत.

परतताना मी हे मुकादमांना सांगितलं. ते चालायचे थांबले. ते आपणहून थांबलेले मी तेव्हा प्रथम पाहिले.

बुधवारी बारा एक्कावन्नला ते उठले, पण जेवायला नाही. मला त्यांच्या खुर्चीत बसवलं, दोन्ही नियम पुन्हा म्हणून दाखवायला लावले, आणि ते दुकानाकडे निघाले. एक सदतीसला पहिला घास गेला. पडद्यावर एकेक ओळ उमटायला लागली: घास १, पाचशे पुसली. घास २, पाचशे पुसली. इतकी शहाणी मजुरी मी कधी पाहिली नव्हती, आणि त्या दिवशी तिचा इतका रागही कधी आला नव्हता. माझा डावा पाय हलायला लागला होता. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या.

दर थोड्या वेळाने फोन. "कितवा?" मी आकडा सांगायचो, ते ठेवून द्यायचे.

अडीचला लगेचसाहेब आले. सर्व्हर निवांत आहेत, मग घास हजाराचा करा, लगेच, म्हणाले. मी मुकादमांना फोन लावला. हजाराचा घास म्हणजे ताईचा नंबर अर्धा तास तरी आधी येणार, हे त्यांना माझ्या आधी कळलं असणार. त्यांनी आधी कितवा ते विचारून घेतलं. मग म्हणाले, "साहेबांना नियम सांग. ताईचं नाव काढू नकोस." मी नियम सांगितला. साहेबांना नियम आवडत नाहीत, पण त्यांची त्यांना भीती वाटते. उद्यापासून हजार, लगेच, असं बजावून ते गेले.

सव्वातीनला कळलं की ताई आरशासमोर खुर्ची टाकून बसल्या आहेत. कशाने तयार झाल्या, ते नंतर त्या बायकांकडून ऐकलं. मुकादमांनी समजूत घालणं सोडून दिलं होतं. गेल्या गेल्या खुंटीवरचा कोट काढून अंगात घातला आणि त्या आखूड बाहीनिशी ते दुकानभर फिरत राहिले, ताईंशी एक शब्द न बोलता. दोन तास. ताईंनी कापणं थांबवलं, मशीनं थांबली, आणि शेवटी त्या म्हणाल्या, काढ तो कोट आणि दाखव कुठे बसायचं ते.

पण फोटो काही पटेना. एकदा अंधार, एकदा डोळे मिटलेले, एकदा गळ्यातला टेप कागदावरच्या तारखेवर आला. यंत्र दर वेळी सभ्यपणे नाही म्हणत होतं. तीन अठ्ठावीसला फोन आला, कितवा? मी म्हटलं पन्नासावा. मागे ताईंचा आवाज येत होता, हे तुझं यंत्र तुझ्यासारखंच हट्टी आहे.

आता मी काय केलं ते सांगतो. यादीला मी हात लावला नाही. घासाचा आकार बदलला नाही. माझा स्वतःचा एक महिन्याचा रिपोर्ट शुक्रवारपर्यंत द्यायचा राहिला होता. तो चालवला की सर्व्हरची नाडी धडधडते हे आमच्या मजल्यावर सगळ्यांना माहीत आहे. तीन एकतीसला मी तो चालवला.

नाडी चढली. एक्कावन्नाव्या घासानंतर मजूर आपणहून थांबला. पडद्यावर आलं: सर्व्हर व्यस्त, वाट पाहत आहे. मीही वाट पाहत राहिलो. तो रिपोर्ट सतरा मिनिटं चालला. तीन बावन्न वाजले आणि निघून गेले. नाडी उतरली होती, मजूर पुन्हा उठला होता. त्रेपन्न, चोपन्न, पंचावन्न. चार वाजून एक मिनिटाला फोन वाजला आणि मुकादम म्हणाले, "गेला अर्ज." मी म्हटलं, अठ्ठावन्नावा चालू आहे. मग दोघांनीही फोन ठेवला नाही. तिकडून कुणीतरी मशीन चालवल्याचा आवाज येत होता.

घास ६१: ४९९ पुसली, १ वगळलं.

मी ते वाचून दाखवलं. पलीकडे मुकादम ताईंना म्हणाले की झालं, आणि ताईंनी विचारलं, काय झालं, मापं तर अजून दिसत नाहीत.

त्या थांब्यामुळे सातच्या ढिगाचे शेवटचे काही घास गुरुवारवर गेले. लगेचसाहेब कुरकुरले. गुरुवारी नऊ तेराला मुकादम आले आणि उभ्यानेच आदल्या दिवशीची नोंद वरपासून खालपर्यंत वाचून काढली. एके ठिकाणी बोट थांबलं.

"रिपोर्ट तीन एकतीसला लावलास?"

"तासाला लावू नये म्हणालात ना."

आभार मानतील म्हणून मी थोडा लाजण्याच्या तयारीत होतो. त्यांनी खुर्ची ओढली आणि नवा नियम टाइप केला: पुसणं चालू असताना कुणीही रिपोर्ट चालवायचा नाही. खाली मला सही करायला लावली. मी माझ्या समाधानासाठी मोजून ठेवलं आहे, की त्या सतरा मिनिटांत आणखी चार जणांचे अर्ज आले आणि तीही खाती वगळली गेली. हे त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "आणि तुझा रिपोर्ट चालू असताना वही न उघडल्यामुळे किती जण ताटकळले, ते मोजलंस?" ते मी मोजलं नव्हतं.

अर्ज वगळायला पुरेसा होता, खातं उघडायला नाही. तो तिसऱ्या मजल्यावरच्या तपासणीसबाईंकडे जातो. मुकादमांची त्यांच्याशी वीस वर्षांची ओळख आहे, पण ते एकदाही वर गेले नाहीत. जिन्यात भेट होईल म्हणून लिफ्टने जायला लागले. खिडकीपासून पाण्याच्या यंत्रापर्यंतची बावीस पावलं आता एकोणीसमध्ये उरकायला लागली, इतकी ढांग लांबली. ताईंनी खरं लिहिलं होतं, की खातं सहाजणी वापरतात, आणि ते नियमात बसत नाही. बाई काय म्हणतील ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

अकराव्या दिवशी खातं उघडलं, अट घालून. प्रत्येकीचा वेगळा पासवर्ड. मुकादम पाच चौतीसची वाट न बघता पाच नऊलाच उठले आणि मला घेऊन दुकानात गेले.

ताईंनी बातमी ऐकली आणि मान हलवली. त्यांच्यापुढे एक जाडजूड नवी वही होती. अकरा दिवसांत त्यांनी गिऱ्हाइकांना एकेक करून बोलावून दीडशे मापं नव्याने घेतली होती. आता तुमच्या भरवशावर बसणार नाही, त्या म्हणाल्या. खातंही ठेवीन आणि वहीही ठेवीन. मग भावाकडे बघून म्हणाल्या, "आलाच आहेस तर तुझंही घेऊन टाकते. तसा एक कोट तुला शिवायचाच आहे, अंगात घालून हिंडलास तेव्हाच ठरवलं. हलू नकोस."

मला लिहायला बसवलं. त्या आकडे सांगत होत्या, मी मांडत होतो. छाती, पाठ, डावा खांदा पाव इंच खाली. कंबर अडतीस. मुकादम आरशासमोर हात पसरून उभे होते. डाव्या पायाचा अंगठा तेवढा बुटात हलत असावा, बूट हलत नव्हता.

ताईंनी मला फोन दिला आणि जुनं खातं उघडून दाखवायला सांगितलं. ते शोधायला वेळ लागला नाही. एकोणीसशे नावांत पहिलं तेच होतं, बारक्या. कंबर अठ्ठावीस. तारीख मुलाखतीच्या शर्टाची. खाली एक ओळ होती, जुन्या वहीतून जशीच्या तशी चढवलेली. चढवताना ती मुकादमांच्याच हाताखालून गेली असणार. मी ती मोठ्याने वाचली: स्थिर उभा राहत नाही, दोनदा मोजणे.

ताईंनी गळ्यात टाकलेला टेप पुन्हा काढला.

"चल," त्या म्हणाल्या, "दुसऱ्यांदा."